मुकुटबनच्या गाडीसाठी टायर निवडताना

टायरच्या दुकानात गेलेला गाडीमालक बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतो. टायर कोणत्या कंपनीचा आणि किती हजार किलोमीटर चालेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मुकुटबन, झरी जामणी, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याने त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: या टायरची बाजू किती उंच आहे आणि किती भार व उष्णता सोसणारी आहे? बाजू म्हणजे साइडवॉल, रिमची कड आणि रस्त्याला टेकणारा पट्टा यांच्यामधला उभा भाग. टेकणारा पट्टा जाड रबराचा असतो आणि त्याच्या आत पोलादी तारांचे थर असतात. त्यात खिळा घुसला तर पंक्चर काढता येते. बाजूत मात्र रबराचा पातळ थर आणि आतले धागे एवढेच असते. तिथे कट लागला किंवा फुगा आला की तो टायर दुरुस्त होत नाही, मग वरची नक्षी कितीही शिल्लक असो. आपल्या भागात टायर घासून संपण्याआधी बाजूने निकामी होण्याचा धोका मोठा आहे, आणि म्हणून टायरची निवड बाजूपासून सुरू करावी, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे इथल्या रस्त्यांवरून आणि हवेवरून येते. मुकुटबनच्या आसपास चुनखडी आहे, कोळसा आहे आणि आता मोठा सिमेंट कारखानाही आहे. वणी तालुक्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. माजरी–आदिलाबाद रेल्वेमार्ग मुकुटबनवरून जातो, तरी मालाचा मोठा भाग ट्रकनेच हलतो. भरलेल्या अवजड गाड्या ज्या रस्त्यावरून रात्रंदिवस जातात, तिथे खड्ड्यांच्या कडा धारदार होतात आणि गिट्टी सुटी होऊन पसरते. त्याहून मोठा धोका डांबराच्या तुटलेल्या कडेचा असतो. अरुंद रस्त्यावर समोरून भरलेला ट्रक आला की कारवाला डावी दोन चाके खाली साइडपट्टीवर घेतो. पट्टीचा मुरूम पावसाने वाहून गेलेला असतो, म्हणून डांबर आणि जमीन यांच्यात मोठी पायरी पडलेली असते. ट्रक निघून गेल्यावर गाडी पुन्हा वर घेताना ती पायरी नेमकी टायरच्या बाजूला घासते. हा प्रकार दिवसातून अनेकदा होतो, आणि शहरातल्या गाडीवाल्याला तो क्वचितच भोगावा लागतो. त्यात विदर्भाचा उन्हाळा. शेजारच्या चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 46–47 अंशांपर्यंत चढतो, आणि भर दुपारी काळे डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर आणतात आणि एका सरीत तिचा निसरडा थर तयार होतो. आणि हीच गाडी लग्नाला किंवा दवाखान्याच्या कामाला निघाली की पांढरकवड्याला राष्ट्रीय महामार्ग 44 वर चढून नागपूरकडे ताशी 100 च्या वेगाने धावते. एकाच टायरकडून आपण एवढ्या सगळ्याची अपेक्षा ठेवतो. अशा वेळी जो धोका सर्वांत वारंवार येतो आणि ज्याची दुरुस्ती होत नाही, त्याच्यासाठी टायर निवडणे शहाणपणाचे.

आता टायरवर छापलेले आकडे वाचू. 185/65 आर 15 असे लिहिलेले असेल तर 185 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, 65 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, आर म्हणजे रेडियल रचना आणि 15 हा रिमचा इंचांमधला व्यास. म्हणजे बाजूची उंची 185 चे 65 टक्के, साधारण 120 मिलिमीटर. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर करता येतो. मारुती स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांना 165/80 आर 14 हा टायर येत आला आहे आणि वरच्या मॉडेलांना 185/65 आर 15. पहिल्याची बाजू 132 मिलिमीटर, दुसऱ्याची 120. बलेनोच्या वरच्या मॉडेलांना 195/55 आर 16 मिळतो, त्याची बाजू 107. आणि हौसेने 17 इंची अलॉय बसवून 205/45 आर 17 घातला की बाजू उरते 92 मिलिमीटर. या चारही टायरांचा पूर्ण व्यास जवळपास सारखाच, 616 ते 622 मिलिमीटर, आहे. म्हणून स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, चाक कमानीत नीट बसते आणि दुकानदार म्हणतो, काही फरक पडत नाही. फरक बाजूच्या उंचीत पडतो. 132 वरून 92 म्हणजे खड्ड्याचा धक्का पचवणारी गादी 40 मिलिमीटरने कमी झाली, साधारण 30 टक्के. चाक धारदार कडेवर आदळते तेव्हा टायर दबतो. बाजू उंच असेल तर दबायला जागा असते. बाजू आखूड असेल तर रबर रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटले जाते, आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी बाजूला फुगा दिसतो. फुगा म्हणजे आतला सांगाडा तुटला आहे आणि हवा आता केवळ रबराच्या पापुद्र्याने अडवली आहे. असा टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो कंपन्यांच्या बाजूने. वरच्या मॉडेलला कंपनीच 16 इंची चाके देते, मग ती वाईट कशी? ती वाईट नाहीत. आखूड बाजूचा टायर वळणावर कमी लवतो, स्टिअरिंगला लगेच प्रतिसाद देतो, आणि रुंद टायर कोरड्या गुळगुळीत रस्त्यावर ब्रेक मारताना मदत करतो. पण कंपनी तोच टायर पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकालाही विकते आणि शोरूममधल्या दिसण्याचाही विचार करते. तुमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस कोणत्या रस्त्यावर असते, हे कंपनीला ठाऊक नसते, तुम्हाला असते. म्हणून नवी गाडी घेताना याच भागात वापरायची असेल तर केवळ मोठ्या चाकांसाठी वरच्या मॉडेलकडे जाऊ नये. आणि ज्यांच्याकडे वरचे मॉडेल आहे त्यांनी कंपनीच्या पुस्तिकेत त्याच गाडीला कोणकोणती मापे मान्य आहेत ते पाहावे. दोन मापे मान्य असतील आणि लहान रिम ब्रेकवर बसत असेल तर उंच बाजूकडे परत येता येते. मात्र मान्यता नसलेले माप स्वतःच्या अंदाजाने घालू नये, उंच बाजूसाठीसुद्धा नाही. त्यात टायर कमानीला घासण्याचा धोका आहे आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात वाद होऊ शकतो. याच ओघात पोलादी रिमबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अलॉय देखणे असते, पण जोराच्या धक्क्याने त्याला तडा जाऊ शकतो. साधा पोलादी रिम वाकतो आणि बहुधा ठोकून सरळ करता येतो. खड्ड्यांच्या मुलखात पोलादी रिमला कमी लेखण्याचे कारण नाही.

मापानंतर बाजूवर एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ 88 एच. आपल्याकडे त्यांच्याकडे जवळजवळ कोणी पाहत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. 88 हा भाराचा निर्देशांक. त्याचा अर्थ एक टायर 560 किलो भार पेलू शकतो. 82 म्हणजे 475 किलो, 84 म्हणजे 500, 85 म्हणजे 515, 91 म्हणजे 615. टायरची बाजू आखूड करत गेले की त्यात मावणारी हवा कमी होते आणि भार पेलण्याची ताकदही बहुधा घटते. 205/45 आर 17 हा टायर साध्या बनावटीत 84 चा असतो आणि जादा मजबुतीच्या, म्हणजे एक्स्ट्रा लोड प्रकारात 88 चा. म्हणजे रुंद आणि महाग दिसणारा टायर साध्या 165 च्या टायरपेक्षा कमी भार घेणारा निघू शकतो. रिकाम्या गाडीला हा फरक जाणवणार नाही. पण पाच माणसांच्या गाडीत आठ माणसे बसवून आणि टपावर सामान बांधून कायर किंवा पाटणकडे निघण्याची सवय असेल, तर मागच्या दोन चाकांवर येणारा भार मोजायलाच हवा. शिवाय निर्देशांकातला भार पूर्ण हवा असतानाच लागू होतो. हवा कमी की ताकदही कमी. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी निर्देशांकाचा टायर कधीही घेऊ नये, जास्त चालेल.

पुढचे अक्षर वेगाचे. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत, टी 190, एच 210, व्ही 240. केंद्र सरकारने 2018 च्या अधिसूचनेत कारसाठी कमाल वेग द्रुतगती मार्गावर 120 आणि चौपदरी महामार्गावर 100 ठरवला होता. मग टी पुरेसा असताना व्हीचे पैसे कशाला, असे कोणी विचारेल, आणि बहुतांशी ते बरोबर आहे. पण हे अक्षर केवळ वेगाचे नसून उष्णतेचेही आहे. जास्त वेगाच्या चाचणीत टिकलेला टायर जास्त तापमानात टिकलेला असतो. म्हणून दोन टायर सारख्या किमतीत मिळत असतील आणि बाजूची उंची व भार तोच असेल, तर वरचे अक्षर घ्यावे. केवळ अक्षरासाठी आखूड बाजूचा टायर मात्र घेऊ नये.

उष्णतेचा विषय निघाला की हवेचा विषय निघतोच, आणि इथे एक समज इतका घट्ट बसला आहे की त्याला नीट उत्तर द्यायला हवे. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते आणि टायर फुटतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये चार-पाच पीएसआय हवा कमी ठेवावी, असे अनेक अनुभवी चालकही सांगतात. प्रसरणाची गोष्ट खरी आहे, निष्कर्ष उलटा आहे. सकाळी 25 अंशांवर 33 पीएसआय हवा भरली आणि धावून धावून टायरच्या आतली हवा 65 अंशांवर गेली, तर दाब साधारण 39 पर्यंत जातो. बहुतेक कारच्या टायरवर 44 किंवा 51 पीएसआय ही कमाल मर्यादा छापलेली असते, आणि तीही थंड टायरसाठी. गरम झाल्यावर दाब वाढणार हे टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेले असते. म्हणजे 39 ला धडधाकट टायर फुटत नाही. आता हवा कमी ठेवली तर काय होते ते पाहा. टायर रस्त्यावर जास्त पसरतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात बाजू जास्त वाकते आणि परत सरळ होते. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली तर ती गरम होते आणि मग तुटते, तसेच बाजूच्या आतल्या धाग्यांचे होते. ताशी 100 च्या वेगाने वर सांगितलेल्या मापाचे चाक मिनिटाला साडेआठशेहून जास्त फेरे घेते. कमी हवेच्या टायरची बाजू तेवढ्या वेळा जास्तीची वाकते, आणि तिची उष्णता बाहेर पडायला 45 अंशांच्या हवेत वावच नसतो. उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे बहुधा हे कारण असते, भार जास्त असेल तर अधिकच. म्हणून उन्हाळ्यात हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवावी, आणि गाडी भरलेली असेल तर दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी जो वेगळा आकडा दिलेला असतो तेवढी. ती सकाळी, गाडी फार चालली नसताना तपासावी. दुपारी गरम टायरमधून वाढलेली हवा काढून टाकली तर संध्याकाळी टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी तोच धोका आपण स्वतः तयार केलेला असतो.

नायट्रोजनचे काय, असा प्रश्न लगेच येतो. साध्या हवेतही साधारण 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा फायदा. तापल्यावर त्याचाही दाब जवळपास तेवढाच वाढतो. वणीला किंवा पांढरकवड्याला गेल्यावर फुकट मिळत असेल तर भरावा, पण नायट्रोजन भरला आहे म्हणून महिना-दोन महिने हवा न तपासणे घातक आहे. पाचशे-सातशे रुपयांचा बरा प्रेशर गेज गाडीत ठेवणे त्याहून जास्त उपयोगी.

महामार्गावर जाणाऱ्यांसाठी पाण्याचा मुद्दा महत्त्वाचा. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि 701 किलोमीटरचा पूर्ण मार्ग जून 2025 मध्ये. सुरुवातीच्या अपघातांनंतर 2023 मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. ही तपासणी योग्यच होती. पण अपघात झाला की टायर फुटला असे म्हणून मोकळे होण्याची सवयही आपल्याला आहे. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून 25 प्रवासी दगावले, तेव्हाही आधी टायर फुटल्याचेच सांगितले गेले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. टायर चांगला असूनही चालकाची झोप, वेग आणि थकवा माणसे मारू शकतात, हे टायरवर लिहितानाही विसरता येत नाही. टायरच्या हातात जे आहे त्यातला मोठा भाग म्हणजे पाणी बाजूला सारणे. रस्त्यावर पाणी साचले असेल आणि वेग जास्त असेल तर टायर पाण्याच्या थरावर चढतो, रस्त्याशी संबंध तुटतो, आणि मग ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग. 1963 मध्ये नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांवर केलेल्या अभ्यासातून असे दाखवले की हा वेग टायरमधल्या दाबावर अवलंबून असतो. त्यांच्या सूत्राने 33 पीएसआयला तो ताशी 95 किलोमीटरच्या आसपास येतो आणि 25 पीएसआयला 83 च्या. नक्षी चांगली खोल असेल तर कारला याहून थोडी सवलत मिळते, घासलेल्या टायरला नाही. म्हणजे कमी हवेचा टायर उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात लवकर तरंगतो. नव्या टायरची नक्षी साधारण 7–8 मिलिमीटर खोल असते. खाचांमध्ये मध्येमध्ये जे आडवे उंचवटे असतात ते 1.6 मिलिमीटरचे, आणि रबर त्यांच्या बरोबरीला आले की टायर कायद्यानेही संपला. पण ओल्या रस्त्यावरचे ब्रेक त्याच्या बरेच आधी, 3 मिलिमीटरच्या खाली गेल्यावर, कमजोर होऊ लागतात. मेमध्ये टायर 3 मिलिमीटरवर आला असेल तर तो दिवाळीपर्यंत ओढण्याचा विचार सोडावा. जूनच्या पहिल्या पावसाआधी बदलावा.

आता बोलेरो, स्कॉर्पिओ, थारवाल्यांचा आक्षेप. आमचा रस्ताच कच्चा, मग जाड गुटक्यांचे ऑल-टेरेन टायर का घेऊ नयेत? ज्यांची गाडी खाणीच्या आतल्या रस्त्यांवर, जंगलाच्या वाटांवर किंवा शेताच्या बांधावर रोज जाते, त्यांनी कंपनीच्याच मापात ते जरूर घ्यावेत, कारण त्यांची बाजू बहुधा जाड असते. पण ज्यांची गाडी दहातले नऊ किलोमीटर डांबरावर चालते, त्यांना त्यांचा तोटा जास्त. जाड गुटक्यांत उष्णता साठते, ते ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर घेतात, आवाज करतात आणि डिझेल जास्त खातात. शिवाय आपल्या काळ्या मातीचा स्वभाव वेगळा आहे. ती ओली झाली की कोणत्याही मध्यम नक्षीच्या खाचा भरून टाकते, आणि खाचा भरल्या की ऑल-टेरेन टायरही गुळगुळीतच होतो. चिखल झटकून टाकणारे खऱ्या चिखलाचे टायर असतात, पण ते महामार्गावर वापरण्यासारखे नसतात. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी न नेता सडकेवर उभी करणे हाच तिथला उपाय आहे. बोलेरोला मुळात 215/75 आर 15 टायर येतो. त्याची बाजू 161 मिलिमीटर, म्हणजे स्विफ्टच्या साध्या टायरपेक्षाही उंच. तिला याहून वेगळे काही बहुधा लागत नाही.

किंमत आणि कंपनी यांच्याकडे आता वळता येईल. एमआरएफ, सीएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन, गुडइयर, काँटिनेंटल, योकोहामा या सगळ्यांचे चांगले आणि साधे दोन्ही प्रकारचे टायर बाजारात आहेत. त्यामुळे कंपनीपेक्षा मॉडेल विचारा. एकाच कंपनीत एक मॉडेल जास्त चालण्यासाठी कडक रबराचे असते, दुसरे पकडीसाठी मऊ रबराचे. कडक रबर जास्त किलोमीटर देते, मऊ रबर ओल्या रस्त्यावर लवकर थांबते, आणि दोन्ही पूर्णपणे देणारा टायर फार महाग पडतो. इथल्या गाडीला मी मध्यम रबर, उंच बाजू आणि खाचा मोकळ्या असा टायर सुचवीन. स्वस्त टायरच्या मोहाबद्दल एक काल्पनिक हिशेब करू. 4,500 रुपयांचा टायर 40,000 किलोमीटर चालला आणि 5,500 चा 50,000, तर किलोमीटरमागे दोन्हींचा खर्च 11 पैशांच्या आसपासच पडतो. पण 10,000 किलोमीटरवर बाजूला कट लागून टायर फेकावा लागला तर हा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून टिकाऊ नक्षीसाठी पैसे मोजण्याआधी टिकाऊ बाजूसाठी मोजावेत. आयएसआय चिन्ह नसलेला टायर घेऊ नये, 2009 च्या केंद्राच्या आदेशाने हे चिन्ह बंधनकारक झाले आहे. जिच्यात फसवणूक सहज होते ती गोष्ट म्हणजे टायरचे वय. बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. हे चार आकडे बहुधा एकाच बाजूवर असतात, आणि बसवताना ती बाजू आत गेली तर दिसत नाहीत. म्हणून बसवण्याआधी पाहावे. ऊन आणि ओझोन यांनी रबर न वापरताही कडक होते, बारीक भेगा पडतात. पाचव्या वर्षानंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, टायर काढावा. आपल्या उन्हात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर मी दहाची वाट पाहणार नाही. दुकानात दीड-दोन वर्षे पडून असलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये. जुना टायर विकत घेणे आणि कारला रिमोल्ड घालणे या दोन्ही गोष्टी या भागात टाळाव्यात. ट्रकच्या टायरचा सांगाडा रिमोल्डसाठीच दणकट बनवलेला असतो, कारचा नाही, आणि जुन्या टायरची बाजू आतून किती खचली आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.

चारही टायर एकदम घेणे परवडत नसेल तर एकाच अक्षावरचे दोन घ्यावेत, आणि ते मागे बसवावेत. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण आपल्या बहुतेक लहान गाड्यांना ओढणारी आणि वळवणारी चाके पुढचीच असतात. पण पुढचा टायर घसरला तर गाडी सरळ जाते, वेग कमी करून तिला पुन्हा ताब्यात आणता येते. ओल्या वळणावर मागचा टायर घसरला तर गाडीची शेपूट फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. म्हणून चांगली पकड मागे हवी. दर 8–10 हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली तर चारही सारखे घासतात आणि हा प्रश्न कमी वेळा येतो. त्याच वेळी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करावे, कारण खड्ड्यांनी पुढच्या चाकांचे कोन बिघडले की नवा टायरही एका कडेने झिजतो.

पंक्चर काढण्याबद्दलही आग्रह धरावा. बाहेरून दोरा घालणे ही घरी पोहोचण्यापुरती सोय. नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्यावा. 6 मिलिमीटरपेक्षा मोठे छिद्र, खांद्यावरचे, म्हणजे नक्षी आणि बाजू जुळतात तिथले छिद्र किंवा बाजूचा कट असेल तर कोणी दुरुस्त होईल म्हटले तरी ऐकू नये. 2020 मध्ये नियम बदलल्यापासून ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या कारला स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. शहरात हे चालेल. मुकुटबनहून रात्री निघणाऱ्याला बाजूला कट लागला तर दुरुस्तीच्या संचाचा काही उपयोग नाही, म्हणून स्टेपनी पूर्ण मापाची ठेवावी, आणि तिची हवा महिन्यातून एकदा बाकीच्या चारांबरोबर तपासावी. दुकानातून निघताना नव्या टायरचे व्हॉल्व्हही नवे घातले आहेत ना ते पाहावे, आणि बिलावर मॉडेल, माप, भार-वेगाचा निर्देशांक आणि ते चार आकडे लिहून घ्यावेत. सर्वसाधारण वॉरंटी बनावटीतल्या दोषापुरती असते. रस्त्यावर लागलेला कट किंवा धक्क्याने आलेला फुगा तिच्यात धरला जात नाही. काही मॉडेलांवर कंपन्या अशा नुकसानीचीही हमी देतात, आणि आपल्या रस्त्यांसाठी टायरच्या मॉडेलांमध्ये निवड करताना ती आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे.